हुकलेली बढती

वर्षानुवर्षं इमानानं काम करायचं आणि बढतीची वेळ आली की ती भलत्यालाच! नोकरी करणाऱ्या मैत्रिणींना हे दुखणं नव्यानं सांगायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांचंही असंच झालं होतं.

२० जून १८६९चा त्यांचा जन्म. चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे.मध्ये गेले, पण रंग नीट ओळखता येईनात. मग यंत्रांची ड्रॉइंग शिकले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तिथं हक्काची बढती अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली अन् बेळगाव गाठलं. भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलींचं दुकान, पुढे कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली!

त्यात बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. १९१०मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ मिळाला. माळ कसला, निवडुंग आणि नाग! घर-संसार घेऊन अशा जागी राहायला आलेल्या बायकांचं मला फार कौतुक वाटतं. पुरुषांना निदान कारखाना होता.

लक्ष्मणरावांनी तिथं नुसती शेड उभारली नाही, कामगारांसाठी गाव वसवलं. तेच किर्लोस्करवाडी. त्या काळात वाडीत शिवाशीव पाळायची नाही, असा दंडक घातला. गावाची व्यवस्था रामुअण्णा बघायचे. आपल्या आज्यांचं लाडकं 'स्त्री' मासिकही १९३०मध्ये याच वाडीतून निघालं, पुतणे शंकरराव त्याचे संपादक.

पण मला सगळ्यात नवल वाटतं ते रखवालदारांचं. आपण धुण्याभांड्याला बाई ठेवताना चार घरी चौकशी करतो, कपाटाची किल्ली कमरेला ठेवतो. लक्ष्मणरावांनी शिक्षा झालेल्या अट्टल गुन्हेगारांच्या बेड्या काढल्या आणि रात्रीचा पहारा त्यांच्याकडेच सोपवला. माणूस मुळात चांगलाच असतो, यावर त्यांची श्रद्धा होती. अशा माळावर, अंधाऱ्या रात्री, घरात कच्चीबच्ची झोपलेली. बाहेर काठी आपटत फिरणारा कालचा दरोडेखोर!

लक्ष्मणराव १९५६मध्ये गेले. कुंडल रोड स्टेशनाची पाटीही पुढे बदलली. पुणे-मिरज गाडीनं कधी गेलात तर खिडकीतून वाचा, किर्लोस्करवाडी.