उत्तर देणारा संपादक

रघुनाथ धोंडो कर्वे अकरा वर्षांचे होते तेव्हा त्यांच्या वडिलांनी एका विधवेशी लग्न केले. साल १८९३. रघुनाथची आई, राधाबाई, दोन वर्षांपूर्वीच गेली होती. दुसरेपणाच्या वराने दहाबारा वर्षांची कुमारिका करावी, ही त्या काळची रीत. धोंडो केशवांनी ती मोडली आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी विवाह केला. कायद्याची काही आडकाठी नव्हती. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा. म्हणजे असे जोडपे सरकारदरबारी सदतीस वर्षे मान्य होते. मुरुड गावाला मात्र ते मान्य नव्हते. गावाने ठराव करून बहिष्कार घातला. कोकणातल्या आपल्याच घरी नवराबायकोंना परक्यासारखे वागवले गेले.

कायदा एक बोलतो आणि गाव दुसरेच बोलते, हा धडा मुलाला घरातच मिळाला. वडील पुढे महर्षी झाले. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, १९५८ मध्ये भारतरत्न. मुलाच्या वाट्याला यातले काही आले नाही. वडिलांनी मोडलेल्या रूढी निदान चारचौघांत उच्चारता येत होत्या. मुलाने जो विषय घेतला, त्याचे नाव काढायचीही चोरी होती.

खरे तर हा माणूस गणिताचा. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिला आलेला, फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतलेला, पुढे गणितासाठीच पॅरिसला जाऊन आलेला. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते प्राध्यापक होते. एवढ्यावर आयुष्य सुखात गेले असते. परंतु १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र सुरू केले होते, हे लक्षात घेतले म्हणजे आपला प्राध्यापक काळाच्या किती पुढे होता ते कळते. कॉलेज मिशनऱ्यांचे. त्यांना हा प्रचार रुचणे शक्य नव्हते. नोकरी की प्रचार, असा पेच आला आणि १९२५ मध्ये र. धों.नी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई या सगळ्यात बरोबरीने उभ्या होत्या. स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही, हा निर्णयही दोघांचा होता.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र. अंक पोस्टाने यायचा आणि पुष्कळ घरांत उशीखाली जायचा. आत मात्र चाळवणारे काही नसे. सनातन्यांना जास्त राग बहुधा त्याचाच असावा. गणिताचा मास्तर प्रमेय सोडवतो त्याच कोरड्या भाषेत र. धों. लैंगिक प्रश्नांवर लिहीत. वाचकांच्या पत्रांना उत्तरे देण्याचे सदर हा त्या मासिकाचा कणा होता. जे आईबापांना विचारता येत नाही, डॉक्टरला सांगता येत नाही, मित्राला सांगितले तर तो हसेल, असे प्रश्न लोक या अनोळखी संपादकाला लिहून पाठवत. त्यांत हस्तमैथुनाची धास्ती घेतलेली माणसे होती, तसेच समलिंगी आकर्षणाबद्दल विचारणारेही होते.

१९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा पहिला खटला झाला आणि शंभर रुपये दंड बसला. दुसरा १९३४ चा. त्यात आरोप होता तो नेमका या पत्रोत्तरांवर. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीचे प्रश्न छापले, त्यांना उत्तरे दिली, हा गुन्हा. इथे कायद्याची गंमत बघण्यासारखी आहे. मेकॉलेच्या दंडसंहितेतले ३७७ वे कलम १८६२ पासून लागू होते आणि समलिंगी संबंधांना त्यात जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होती. र. धों.वर ते कलम नव्हते. त्यांच्यावर होते अश्लील लिखाणाचे कलम. म्हणजे एका कलमाने कृतीवर बंदी आणि दुसऱ्या कलमाने त्या कृतीविषयी चकार शब्द काढायची बंदी. कोंडी दोन्ही बाजूंनी पक्की.

या खटल्यात र. धों.चे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

परभणीच्या रेल्वे स्थानकाजवळ बाबासाहेबांचा पुतळा आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी त्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली आणि शहर हादरले. बाबासाहेब आणि संविधान यांचे नाते आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पण त्यांच्या वकिलीतला हा खटला आजही थोड्यांनाच ठाऊक आहे. पुणे करार होऊन दीड वर्ष झाले होते, येवल्याची घोषणा दीड वर्षावर होती. डोक्यावर कामाचा डोंगर. असल्या बदनाम विषयाचे वकीलपत्र नाकारायला त्यांच्यापाशी हवी तेवढी कारणे होती. त्यांनी ते घेतले.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा सरळ होता. लैंगिक विषयावर लिहिलेले सारे अश्लील ठरवता येणार नाही. असे प्रश्न विकृत आहेत, तर ते छापावेत कशाला, या आक्षेपावर त्यांचे म्हणणे असे की विकृती असलीच तर तिला उपाय ज्ञानाचाच. संपादकाने उत्तरच दिले नाही तर ती जाईल कशी? हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या ग्रंथांचा आधार घेऊन त्यांनी सांगितले की समलिंगी ओढ काहींच्या ठायी उपजत असते, आणि अशा माणसांनी आपल्याला रुचेल त्या रीतीने सुख मिळवण्यात गैर काही नाही. हे बोलणे १९३४ सालचे आहे, हे पुन्हा सांगितलेले बरे. न्यायालयाला ते पटले नाही. र. धों.ना दोनशे रुपये दंड झाला. मासिक तोट्यात चाललेले. तरी ते बंद पडले नाही आणि पत्रांना उत्तरे देणेही थांबले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी र. धों. वारले, तोवर सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ निघत होते. वडील त्यांच्यामागे नऊ वर्षे जगले.

बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात मान्य व्हायला चौऱ्याऐंशी वर्षे लागली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ३७७ ची धार काढली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत आणली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. १९५१ पर्यंत आपल्या मराठवाड्यात ही दंडसंहिताच लागू नव्हती; निजामाचा कायदा निराळा होता. दंडसंहिता हिंदी संघराज्याबरोबर आली, तिच्याबरोबर ३७७ ही आले.

गुन्हा गेला, पण संसाराचे काय? १९३४ च्या खटल्यात हा प्रश्न नव्हताच. तिथे वाद होता तो जाणून घेण्याच्या आणि फार तर सुखाच्या हक्काचा. दोघांनी एका छपराखाली म्हातारे व्हावे, एकाच्या आजारपणात दुसऱ्याने दवाखान्यात सही करावी, मागे राहिलेल्याला पेन्शन मिळावी, या गोष्टी त्या न्यायालयात निघण्याचे कारण नव्हते. पुढे जगात त्या निघाल्या. डेन्मार्कने १९८९ मध्ये अशा जोडप्यांची नोंदणी सुरू केली, नेदरलँड्सने २००१ मध्ये विवाहच खुला केला. आशिया खंडात पहिला मान तैवानचा, २०१९ मध्ये. नेपाळमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली नोंद झाली. थायलंडचा कायदा जानेवारी २०२५ मध्ये अमलात आला. म्हणजे आपल्या उत्तरेच्या शेजाऱ्याने नोंद करून घेतली, आपण नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात अशा जोडप्यांना जागा द्यायला नकार दिला आणि प्रश्न संसदेकडे ढकलला. विवाहाऐवजी निदान काही नोंदणीचा हक्क द्यावा, असे दोघांचे मत होते. तिघे विरुद्ध गेले.

मुरुडला बहिष्कृत झालेल्या कर्वे दांपत्याजवळ कायदा होता, गाव नव्हते. आज एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी एकत्र राहणाऱ्या दोन स्त्रियांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी समजून घेतलेही असेल, तर त्यांची तऱ्हा उलटी आहे. त्यांच्याजवळ गाव आहे, कागद नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारने काही खुलासे केले. त्यांनुसार अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडता येते, त्या खात्यासाठी एकमेकांचे नाव नॉमिनी म्हणून लावता येते आणि रेशनकार्डावर एका घरातले म्हणून नोंद करून घेता येते.