डॉक्टर पोचेपर्यंत

एमबीबीएस झालंय. पुढच्या परीक्षेचा अभ्यास सुरू आहे. घर मध्यमवर्गीय, कुटुंब मोठं, सगळ्यांचे डोळे तुमच्या पहिल्या पगाराकडे. आणि अशात कोणीतरी विचारतं, चीनमध्ये युद्ध पेटलंय, डॉक्टर हवेत, येतोस का? आपल्या ग्रुपमधला कोण हो म्हणेल? आणि म्हणालाच, तर घरचे त्याला जाऊ देतील?

सोलापूरच्या द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांनी १९३८ साली हो म्हटलं. तेव्हा ते २७ वर्षांचे होते.

डॉ. कोटणीस आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतात, फार तर व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’मुळे. (कोटणीसांची भूमिका शांतारामांनी स्वतःच केली होती.) त्यामुळे डोळ्यांसमोर येतो तो बॉम्बच्या आवाजात, कंदिलाच्या उजेडात ऑपरेशन करणारा हीरो. ते खोटं नाही. पण त्यांचं आयुष्य वाचताना मला दुसरीच गोष्ट मोठी वाटली. ती म्हणजे त्यांनी केलेलं मास्तरकीचं काम. फार न शिकलेल्या, खेड्यापाड्यांतून आलेल्या पोरापोरींना त्यांनी जखमी माणसाला वाचवायला शिकवलं, तेही त्यांच्याच भाषेत.

जन्म १० ऑक्टोबर १९१०, गिरण्यांच्या सोलापुरातला. डॉक्टरकीचं शिक्षण मुंबईत, परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे आपल्याला केईएम म्हणून माहीत असलेल्या हॉस्पिटलच्या कॉलेजात. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला. चिनी सेनापती झू दे यांनी नेहरूंकडे मदत मागितली आणि काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केलं. आपण स्वतःच पारतंत्र्यात, तरी लोकांनी २२ हजार रुपये जमवले. एक अॅम्ब्युलन्स आणि पाच डॉक्टर पाठवायचं ठरलं. स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले डॉ. अटल हे प्रमुख. बाकी डॉ. चोळकर, डॉ. मुखर्जी, डॉ. बसू आणि सगळ्यांत शेवटी गणला जाणारा आपला सोलापूरकर. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली.

मिशन ठराविक काळाचं होतं, काम संपवून परत यायचं. फेब्रुवारी १९३९ मध्ये तुकडी येनानला पोचली. त्याच सुमारास घरून वडील गेल्याची बातमी आली. सगळ्यांनी त्यांना परत जायला सांगितलं. ते गेले नाहीत. हा निर्णय मला आजही पूर्ण पटत नाही, सोलापूरच्या त्या घरात तेव्हा काय झालं असेल हा विचार डोक्यातून जात नाही. पण त्यांनी तो घेतला. पुढे बाकीचे एकेक करून परतले. बसू काही वर्षं राहिले, कोटणीस कायमचे.

ते वुताई पर्वताच्या भागात गेले. इथे गनिमी युद्ध चालू होतं. आघाडी आज या डोंगरात, उद्या त्या. रस्ते नाहीत, वाहनं नाहीत, जखमीला चार माणसांनी स्ट्रेचरवर उचलून मैलोन् मैल चालत आणायचं. आता विचार करा, मांडीतून रक्त वाहतंय आणि डॉक्टर दोन डोंगर पलीकडे. मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. म्हणजे जगायचं की नाही हे डॉक्टरच्या हातात नसतंच, ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतं. त्याने जखमेवर घट्ट दाब दिला, पट्टी नीट बांधली, मोडलेल्या पायाला फळीचा आधार दिला, तर डॉक्टरला पुढे काही करता येईल.

याच भागात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून काम करत होते. जखमी येण्याची वाट बघत बसायचं नाही, डॉक्टरनेच आघाडीजवळ जायचं, हा त्यांचा आग्रह. ऑपरेशन करताना बोट कापलं, जंतुसंसर्ग झाला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. प्रथमोपचाराच्या कुठल्याही वर्गात पहिला नियम असतो, आधी स्वतःला सांभाळा, ग्लोव्हज घाला. तो नियम असा माणसं गमावून आलेला आहे.

१९४० च्या एका मोठ्या लढाईत कोटणीसांनी आठशेहून जास्त जखमींवर उपचार केले. एकदा तर सलग ७२ तास झोप नाही. जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाने चाललेल्या आंतरराष्ट्रीय शांती हॉस्पिटलचे ते संचालक झाले. शेजारीच बेथून वैद्यकीय शाळा. तिथे ते शिकवायचे, आणि दुभाष्या घेऊन नाही. चिनी भाषा त्यांनी इतकी कमावली होती की बोलणं, वाचणं, लिहिणं सगळं त्यातच. मुलांसाठी पुस्तक नाही म्हटल्यावर शल्यशास्त्राचं पुस्तक स्वतः लिहायला घेतलं. सेमिस्टरभर नोट्स फॉरवर्ड करणारे आपण!

आता एक गंमत बघा. आज प्रथमोपचार म्हटलं की पहिला शब्द येतो सीपीआर. कोटणीसांना तो माहीत असणं शक्यच नव्हतं. छाती दाबून हृदय चालू ठेवायची ही पद्धत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी १९६० मध्ये जगासमोर मांडली. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. सुई नाही, औषध नाही, डिग्री नाही. कोणीही शिकू शकतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात तर दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रशिक्षण घेतलेला माणूस, असं लिहिलेलं होतं. भोसरी-चाकणला इंटर्नशिप करणाऱ्यांनी ती पेटी कुठे आहे ते एकदा बघून ठेवा. आणि आपल्या कॉलेजमध्ये कोणाला येतं हे, तेही विचारा.

१९४१ च्या अखेरीस कोटणीसांनी त्याच शाळेत शिकवणाऱ्या नर्स ग्वो चिंगलान यांच्याशी लग्न केलं. पुढच्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

पण तोवर त्यांना फिट येऊ लागल्या होत्या. अपस्मार, आपल्याकडे ज्याला आकडी किंवा फेफरं म्हणतात तो. उपचारांसाठी बाहेर जा असा आग्रह झाला, ते हलले नाहीत. इथे थोडं थांबून सांगते, कारण वर्गात किंवा पीएमपीत कोणाला फिट आली की आपण अजूनही कांदा नाहीतर चप्पल हुंगवतो, हातात किल्ल्या कोंबतो. यातलं काहीही उपयोगाचं नाही. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली बॅग किंवा दप्तर द्या, माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, धरून दाबून ठेवू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकामागून एक येत राहिली, तर लगेच १०८ ला फोन. अशी न थांबणारी फिट जीव घेऊ शकते.

८ डिसेंबर १९४२ च्या रात्री तेच झालं. फिट येतच राहिल्या. डोंगरातल्या त्या गावात तेव्हाची जी औषधं होती ती पुरी पडली नाहीत. ९ डिसेंबरच्या पहाटे कोटणीस गेले. वय ३२. मुलगा चार महिन्यांचाही नव्हता आणि शल्यशास्त्राचं दुसरं पुस्तक अर्धवट लिहून झालेलं होतं.

सोलापूरच्या भैय्या चौकातलं त्यांचं घर आता स्मारक आहे. तिकडे चीनमध्ये शीजियाझुआंग शहरात त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा चालते. तिथली मुलंमुली शिकून बाहेर पडताना त्यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात.