शिल्पकार करमरकर

मातीशी खेळावयास कोणत्या मुलास आवडत नाही? खडवलीच्या भातसा नदीचा काठ असो की अलिबागजवळील सासवण्याचा समुद्रकिनारा असो, ओल्या मातीचे बैल करण्यात मुले तहानभूक विसरून जातात. याच सासवणे गावी १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला.

करमरकरांच्या घरी गणपतीच्या मूर्ती घडवीत असत. मातीच्या गोळ्यातून देवाचे रूप कसे साकारते, हे विनायकाने बालपणीच पाहिले. चित्रे काढण्याचाही त्यास छंद होता. गावातील राममंदिराच्या भिंतीवर त्याने शिवाजीमहाराजांचे चित्र काढले. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड गावी आले असता त्यांची दृष्टी त्या चित्रावर पडली. ते रसिक होते. मुलाच्या अंगचा गुण त्यांनी ओळखला. त्यांच्या साहाय्याने विनायकास मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश मिळाला. पुढे करमरकरांनी कलकत्त्यास राहून शिल्पे घडविली आणि इंग्लंडला जाऊन तेथील विद्याही संपादन केली.

पुण्यात शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा उभारावा, अशी कोल्हापूरच्या शाहूमहाराजांची इच्छा होती. १९२१ साली पुतळ्याची कोनशिला बसविण्यात आली. परंतु १९२२ साली शाहूमहाराज निवर्तले. त्यांचे पुत्र राजाराममहाराज यांनी ते कार्य पुढे चालविले. पुतळा घडविण्याची जबाबदारी करमरकरांनी स्वीकारली.

काम सोपे नव्हते. पुतळ्याची उंची साडेतेरा फूट व्हावयाची होती. आधी मातीचा नमुना करावयाचा, त्यावरून साचा घ्यावयाचा आणि त्या साच्यात तापवून पातळ केलेला ब्राँझ धातू ओतावयाचा, अशी ही रीत असते. तुकडे ओतून ते मागाहून जोडता येतात. परंतु करमरकरांनी अखंड पुतळा ओतण्याचे ठरविले. धातू मध्येच थिजला किंवा साच्यात हवा कोंडली, तर सारे श्रम वाया जावयाचे. १९२८ साली मुंबईच्या माझगाव गोदीत हे ओतकाम झाले. धातू थंड झाला, साचा फोडला आणि आतून घोड्यावर स्वार झालेले महाराज प्रकट झाले! सुमारे आठ टन वजनाचा हा पुतळा पुण्यास नेण्यात आला व त्याच वर्षी त्याचे अनावरण झाले. मंदिराच्या भिंतीवर महाराजांचे चित्र काढणाऱ्या मुलाने त्यांना आता धातूत साकारले होते.

एवढी कीर्ती मिळाली, तरी करमरकर आपल्या गावास विसरले नाहीत. सासवण्याच्या घरी राहून त्यांनी भोवतालच्या जीवनातील शिल्पे केली. राजाच्या मूर्तीसाठी जी निष्ठा, तीच कोळिणीच्या व म्हशीच्या मूर्तीसाठीही! १९६७ साली त्यांचे निधन झाले.

त्यांचे ते घर आता शिल्पसंग्रहालय झाले आहे. मुंबईहून जलमार्गाने मांडव्यास उतरले की सासवणे जवळच आहे. अंगणात खरीच म्हैस बसली आहे, असा पाहणारास भास होतो. आत शंख फुंकणारा पुरुष आणि कोळीण दिसते. मुलांनो, कधी तेथे गेलात, तर प्रत्येक मूर्तीपुढे घटकाभर थांबा. आपण रोज पाहतो, त्याच माणसांत व प्राण्यांत केवढे सौंदर्य असते, हे तुम्हांस तेथे कळेल.