खाणीत उतरलेले मजूरमंत्री

डिसेंबर आला की आपण सहा तारखेची तयारी करतो. त्याच महिन्यातल्या आणखी एका दिवसाबद्दल आपल्या वस्त्यांत क्वचितच बोललं जातं. 9 डिसेंबर 1943 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर धनबादच्या कोळसा पट्ट्यात होते. भूलनबरारी नावाच्या खाणीत ते सुमारे 400 फूट खाली उतरले आणि कोळसा फोडणाऱ्या मजुरांचं काम त्यांनी जागेवर जाऊन पाहिलं. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते.

आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दगडखाणी आणि खडी क्रशरवरच्या मजुरांमध्ये काम करतो. त्यामुळे त्यांच्या आयुष्याची ही बाजू आम्हाला पुन्हा पुन्हा वाचावी लागते.

मजुरांचा प्रश्न त्यांनी दिल्लीत गेल्यावर हाती घेतला, असं नाही. परळच्या चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारी त्यांनी कितीतरी वर्षं काढली. 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1937 च्या निवडणुकीत या पक्षाचे प्रभाकर रोहम आपल्या नगर जिल्ह्यातून निवडून आले. संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 चा मुंबईतला संप झाला, त्यातही बाबासाहेब पुढे होते.

जुलै 1942 मध्ये मजूर खातं त्यांच्याकडे आलं. पुढच्याच महिन्यात नेहरू आणि काँग्रेसचे नेते नगरच्या किल्ल्यात कैदेत आले. किल्ल्याची ती गोष्ट आम्ही शाळेत शिकलो. त्याच वर्षांत मजूर खात्यात काय घडत होतं, हे कुणी शिकवलं नाही.

घडलं ते बरंच होतं. जानेवारी 1944 मध्ये वटहुकूम निघाला आणि कोळशावर उपकर बसवून मजुरांच्या कल्याणासाठी निधी उभा राहिला. घरं, पाणी, दवाखाना यांसाठी तो पैसा होता. खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या लाभाचा कायदा सुधारला. पाळणाघर आणि खाणीच्या तोंडाशी अंघोळीची सोय या गोष्टी मालकाच्या मर्जीवर न ठेवता कायद्यात आणल्या.

यात एक अवघड पान आहे आणि ते झाकण्यात आम्हाला अर्थ वाटत नाही. बायांना जमिनीखाली कामाला लावण्यावरची बंदी 1943 मध्ये उठवली गेली. युद्धाला कोळसा हवा होता. केंद्रीय कायदेमंडळात त्यावर टीका झाली आणि सरकारची बाजू बाबासाहेबांनाच मांडावी लागली. त्याच कामाला पुरुषाइतकीच मजुरी, ही गोष्ट त्यांनी तिथे ठासून सांगितली. 1946 मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. मंत्रिपदाला सरकारच्या गरजांचं ओझं असतं, ते त्यांनाही चुकलं नाही.

पुढे संविधानात खाणीतल्या मजुरांचं नियमन आणि सुरक्षा हा विषय संघसूचीत, 55 व्या क्रमांकावर आला. 1952 चा खाण कायदा झाला तेव्हा ते मंत्रिमंडळात नव्हते.

आता नगरकडे येऊ. दगडखाण हीसुद्धा कायद्याने खाणच. सहा मीटरपेक्षा कमी खोल, पन्नासपेक्षा कमी माणसं आणि सुरुंग नाही, अशा उघड्या खाणीला 1952 च्या कायद्यातल्या बऱ्याच तरतुदींतून सूट होती. पण सुरुंग लावला की सूट संपली. खोली पाच मीटर आहे, हे मालकाचं उत्तर मग चालत नाही. तपासणी धनबादला मुख्यालय असलेल्या केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची. तहसील आणि जिल्हा खनिकर्म शाखा पाहते ती परवाना आणि स्वामित्वधन. मजुराला ही दोन सरकारं वेगळी दिसत नाहीत, आणि त्यातच त्याचा अर्ज हरवतो. 2020 च्या संहितेने तर निरीक्षकाला मालकासाठीचा सुविधाकारही करून टाकलं आहे.

मागे एका खाणीत दगड लागून एक मजूर गेला. त्याच्या बायकोबरोबर आम्ही एका कचेरीत गेलो. किती ब्रास दगड उचलला, याच्या पावत्या तिथे व्यवस्थित लावलेल्या होत्या. सुरुंग उडाला तेव्हा माणसं किती अंतरावर होती, हे लिहिलेला एकही कागद त्या टेबलावर नव्हता.