राजे बख्तबुलंद शाह : आपला मुलूख वसवणारा गोंड राजा

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात कुठल्याही घरी मूळ गावाची गोष्ट काढली की प्रत्येकाकडे काही ना काही सांगण्यासारखे असते. भोयर-पवार मंडळी धार-माळव्याचे नाव घेतात. कुणबी घराण्यांत कोणी वऱ्हाडातून तर कोणी वर्धा नदीच्या काठावरून आल्याचे सांगतात. तेली, माळी, कोष्टी, लोधी अशा प्रत्येक समाजाची स्वतःची वाट आहे. आपण कुठून आलो हे आपल्याला थोडेबहुत ठाऊक असते. पण आलो तेव्हा हा मुलूख कोणाचा होता आणि बाहेरच्या शेतकऱ्यांना इथे येऊन वसण्याचे धोरण कोणी चालवले, हे नव्या पिढीला विचारले तर बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही. हे उत्तर देताना जे नाव सर्वांत आधी घ्यायला हवे ते देवगडच्या गोंड राजाचे, राजे बख्तबुलंद शाह यांचे. मंडळाच्या सभासदांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी त्यांचे चरित्र थोडक्यात देत आहोत.

देवगडचे राज्य

छिंदवाड्याहून साधारण ४० किलोमीटरवर, मोहखेडच्या बाजूला डोंगरात देवगडचा किल्ला आहे. सोळाव्या शतकात जाटबा नावाच्या गोंड राजाने येथे आपली सत्ता उभी केली. अकबराच्या काळातील 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. आज पडझड झालेल्या या किल्ल्यावर नगारखाना, कचेरीची जागा आणि मोतीटाके दाखवतात. देवगडला आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या होत्या अशी म्हण या भागात सर्वांच्या तोंडी आहे. आकडा म्हणीतला असला तरी गेल्या काही वर्षांत गाळ उपसून मोकळ्या केलेल्या अनेक जुन्या बावड्या पाहिल्या की त्या गावाची एकेकाळची भरभराट ध्यानात येते.

सातपुड्याच्या या भागाचे जुने लोक दोन वाटे करीत. घाटावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो जेरघाट. आपले सौंसर आणि पांढुर्णा जेरघाटात येतात. वर डोंगर, साग आणि झाडी, तर खाली कन्हान आणि जाम नद्यांच्या खोऱ्यांतली काळी जमीन. ही जमीन कसदार होती. मात्र ती मोठ्या प्रमाणावर वाहितीखाली आणायची तर नांगर, बैल, बियाणे आणि मुख्य म्हणजे माणसे हवी होती.

दिल्लीची वाट

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात देवगडच्या गादीसाठी घरातच तंटा सुरू झाला. देवगडला त्यापूर्वीपासून मुघलांना खंडणी द्यावी लागत होती. गादीवर हक्क सांगणाऱ्या एका तरुण राजपुत्राने मदतीसाठी थेट औरंगजेब बादशहाचा दरबार गाठला. त्यांचे मूळ नाव महिपतशाह होते असे सांगतात. १६८६ साली त्यांनी इस्लामचा स्वीकार केला, बादशहाने त्यांना बख्तबुलंद हे नाव दिले आणि देवगडची गादी त्यांना मिळाली. बख्तबुलंद म्हणजे ज्याचे नशीब उंच आहे असा. पुढे त्यांच्या वंशात इस्लाम राहिला, तरी राजगोंड घराण्यांशी असलेली सोयरीक तुटली नाही.

या धर्मांतराबद्दल वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळे बोलले जाते. बादशहाची साथ मिळवून आपले राज्य परत घेणे हा त्यामागचा सरळ राजकीय हिशेब होता, एवढे घटनांच्या क्रमावरून दिसते. गादी मिळाल्यावरही राजे बादशहाचे अंकित होऊन बसले नाहीत. औरंगजेब दक्षिणेत मराठ्यांशी लढण्यात गुंतला आहे हे पाहून त्यांनी आसपासच्या मुघल मुलखावर स्वाऱ्या केल्या. त्यामुळे १६९१ साली बादशहाने त्यांना गादीवरून दूर केले आणि दीनदार नावाच्या दुसऱ्या गोंड राजपुत्राला देवगड दिले. देवगडचे नावही बदलून इस्लामगड ठेवण्यात आले, पण ते नाव लोकांच्या तोंडी कधी बसले नाही.

काही वर्षांनी बख्तबुलंद मुघलांच्या ताब्यातून निसटून परत आले. त्यांनी छत्रपती राजाराम महाराजांच्या बाजूच्या मराठ्यांशी संधान बांधले आणि आपला मुलूख पुन्हा हाती घेतला. चिडलेल्या बादशहाने हुकूम काढला की यापुढे कागदोपत्री त्यांना बख्तबुलंद न म्हणता निगूनबख्त म्हणावे. निगूनबख्त म्हणजे पालथ्या नशिबाचा. एकाच बादशहाने आधी उंच नशिबाचे नाव दिले आणि नंतर तेच उलटे केले. लोकांनी मात्र पहिलेच नाव जपले.

राज्य मोठे झाले, माणसे हवी होती

मंडल्याचे राजे नरेंद्र शाह यांच्यावर बंडखोरांचे संकट आले तेव्हा बख्तबुलंदांनी त्यांना मदत केली आणि त्या बदल्यात सिवनीकडचा मुलूख मिळवला. चांद्याच्या राज्याचा काही भागही त्यांनी जोडला. आजचे छिंदवाडा, बैतूल, सिवनी, नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांतील बराच प्रदेश त्यांच्या सत्तेखाली आला.

दिल्लीच्या वाटेवर आणि मुघल छावणीत राजांनी बाजारपेठा, रस्ते, बागाईत, कारखाने आणि महसुलाची व्यवस्था पाहिली होती. आपल्या राज्यात डोंगर आणि जंगल भरपूर, पण कसदार सपाटीवर वस्ती विरळ, हे त्यांना जाणवले असले पाहिजे. परत आल्यावर त्यांनी कारभारात हिंदू आणि मुसलमान, दोन्हींतली कर्तबगार माणसे घेतली आणि चहूकडून कष्टाळू शेतकऱ्यांना व कारागिरांना आपल्या राज्यात वसण्यासाठी बोलावले. कुणबी, पवार, लोधी अशा शेती करणाऱ्या जातींचे या मुलखातले बस्तान या काळात बसत गेले. विणकर आले, व्यापारी आले, नवी गावे उभी राहिली.

नागपूर हे याच धोरणाचे सर्वांत मोठे फळ. सुमारे १७०२ साली राजांनी राजापूर बारसा या नावाने ओळखली जाणारी बारा छोटी खेडी एकत्र करून, रस्ते आखून शहर वसवले. नागपूर नावाच्या किल्ल्याचा उल्लेख त्याआधी १६३७ मध्येही, शाहजहानच्या सैन्याच्या स्वारीच्या वेळी सापडतो. पण खेड्यांचे शहर झाले ते बख्तबुलंदांमुळे. डोंगरातल्या देवगडहून राजधानी सपाटीवर नेणे ही मोठी गोष्ट होती. राज्याचे बळ यापुढे शेतीत आणि बाजारात आहे, हे त्या एका निर्णयातून दिसते.

अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकातच राजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र चांद सुलतान यांनी नागपूरला तटबंदी केली आणि जुम्मा तलाव बांधवला. तोच आजचा गांधीसागर.

भोसल्यांचा काळ

१७३९ साली चांद सुलतान वारले आणि पुन्हा गादीचा तंटा उभा राहिला. त्यांच्या विधवा राणी रतनकुंवर यांनी वऱ्हाडातून रघुजी भोसले यांना मदतीला बोलावले. रघुजींनी वलीशाहाचे बंड मोडून राणीच्या मुलांना त्यांचा हक्क मिळवून दिला. काही वर्षांनी त्या दोन भावांतच भांडण लागले. तेव्हा रघुजी पुन्हा आले आणि १७४३ च्या सुमारास राज्याचा कारभार त्यांच्याच हाती गेला. गोंड राजाला नेमणूक व मान देऊन नागपुरात ठेवण्यात आले.

भोसल्यांच्या राज्यात मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती आणखी वाढली आणि मराठी ही जेरघाटाची बोलीच होऊन गेली. तिच्या शेजारी भोयरी आणि गोंडी नांदत राहिल्या. म्हणूनच १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भातले आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, तरी आपल्या घरातली मराठी गेली नाही. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. देवगड, नागपूर, छिंदवाडा, पांढुर्णा अशी कचेरीची जागा बदलत गेली. वावर मात्र तेच राहिले.

भोसल्यांच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी १८२७ साली नागपूर राज्याचा सविस्तर अहवाल छापला. मराठ्यांच्या कारभाराला पुढे जे यश आले, त्याचा पाया बराचसा बख्तबुलंदांनी घातला होता, असा निर्वाळा त्यांनी त्यात दिला. पुढे सी. यू. विल्स या अधिकाऱ्याने सातपुड्यातील राजगोंड राजांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. देवगडच्या इतिहासाचा मोठा भाग आपल्याला आज अशाच परक्या लेखकांमुळे आणि मुघल दरबाराच्या फारसी नोंदींमुळे माहीत आहे. त्या राज्यात राहणाऱ्यांनी, म्हणजे आपल्या पूर्वजांनी, लिहून ठेवलेले फार थोडे पुढे आले आहे.

आधी राहणारे आणि नंतर आलेले

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. आपल्या पूर्वजांनी जंगल तोडून रान उठवले, विहिरी खोदल्या, पऱ्हाटी आणि ज्वारी पिकवली, आणि पुढच्या पिढ्यांनी संत्र्याचे बगीचे उभे केले. या कष्टांचा अभिमान रास्तच आहे. पण हा मुलूख कधी ओसाड नव्हता. येथे गोंड होते, त्यांची गावे, देवस्थाने आणि राज्य होते. पुढच्या दोन शतकांत सपाटीची काळी जमीन बव्हंशी नव्याने आलेल्या शेतकऱ्यांच्या हाती गेली आणि गोंड वस्ती हळूहळू डोंगराकडे सरकली. ज्या राजाच्या धोरणाने आपल्यासाठी हा मुलूख खुला झाला, त्याच राजाचे लोक मागे पडत गेले. आपण गावाचा इतिहास लिहायला बसलो आणि पहिले पान आपल्या पूर्वजाच्या बैलगाडीपासून सुरू केले, तर तो इतिहास अर्धाच होईल.

शिवाय प्रत्येक गाव बख्तबुलंदांच्याच काळात वसले असेही सरसकट म्हणता येणार नाही. काही गावे त्याआधीची आहेत, काही भोसल्यांच्या काळातली, तर काही इंग्रजी अमलात मालगुजारांनी वसवलेली. कोणते गाव कधीचे हे ठरवायचे तर त्या त्या गावाची साधने पाहावी लागतील.

आपल्या घरातली साधने

ही साधने आपल्याच घरांत आहेत. १८६० नंतरच्या बंदोबस्ताचे कागद, गावाचा वाजिब-उल-अर्ज, मालगुजारीच्या पावत्या, जुनी खरेदीखते, मोडीतली पत्रे हे सगळे कोणाच्या ना कोणाच्या पेटीत पडून आहे. भाट मंडळींच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी आहेत. गावच्या वेशीवरचा देव, शेतांची जुनी नावे, बुजलेली विहीर, कोणत्या घराला कोणता मान, हे आजी-आजोबांना तोंडपाठ असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीच्या किती वेगवेगळ्या कथा आपण ऐकतो! त्यांतली कोणती किती जुनी हे आज सांगता येत नाही, कारण त्या कधी नीट नोंदवल्याच गेल्या नाहीत.

म्हणून सभासद कुटुंबांना विनंती आहे. घरातले जुने कागद रद्दीत घालण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा. मोडी वाचणाऱ्याकडून ते वाचून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलते करा आणि ते सांगतील ते, सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालून, लिहून काढा. आपल्या गावातल्या गोंड कुटुंबांनाही आवर्जून विचारा. त्यांच्याकडे असलेली आठवण आपल्यापेक्षा जुनी आहे. मुलांना एकदा देवगडला न्या, किल्ला आणि बावड्या दाखवा, आणि या राजाने आपल्या पूर्वजांसाठी हा मुलूख खुला केला हे त्यांना सांगा.

राजे बख्तबुलंद शाह यांनी एका आयुष्यात गादी दोनदा मिळवली आणि एकदा गमावली. बादशहाने दिलेले नाव बादशहानेच काढून घेतले. त्यांचे राज्यही तीन-चार दशकांत दुसऱ्यांच्या हाती गेले. त्यांनी वसवलेले नागपूर आणि त्यांच्या धोरणाने भरलेला मुलूख मात्र राहिला. तीनशे वर्षांनंतर आपण त्याच जमिनीवर पेरतो, त्याच नद्यांचे पाणी पितो. त्यांचे नाव आपल्या घरातल्या गोष्टीत असावे, एवढे देणे तर आपण लागतोच.