पोकळ टाकीची सायकल

मी सायकल शिकलो ती वडिलांच्या मोठ्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून. मुलांसाठी वेगळी, ऐटबाज सायकल असते हे आमच्या गावीही नव्हतं. म्हणून शिकागोच्या इग्नाझ श्विनची हकिगत मला मोठी गमतीची वाटते.

श्विनचा जन्म १८६० सालचा, जर्मनीतल्या हार्डहाइमचा. १८९१ मध्ये तो अमेरिकेत आला. चार वर्षांनी अ‍ॅडॉल्फ अर्नोल्ड या मांसाच्या व्यापाऱ्याला भागीदार घेऊन त्याने सायकलचा कारखाना काढला. तेव्हा सायकल ही मोठ्या माणसांची हौस होती. ती लाट लवकरच ओसरली. मोटारी आल्या, मोठी माणसं सायकलवरून उतरली आणि गिऱ्हाईक उरलं ते मुख्यतः पोरांचं! श्विनने मोटरसायकलींतही हात घातला. एक्सेल्सियर घेतली, हेंडरसन घेतली. पण १९३१ मध्ये, ऐन मंदीत, तो धंदा त्याने बंद करून टाकला.

पुढची करामत मुलगा फ्रँकची. पोरांच्या दांडगाईपुढे जुने बारीक टायर टिकत नसत. १९३३ मध्ये त्याने दोन इंचांहून जाड, आत ट्यूब असलेले टायर आणले. पुढच्याच वर्षी आलेल्या एरोसायकलला दिवा होता, घंटी होती आणि चक्क पेट्रोलची टाकी. अर्थात दिखाऊ! मोटरसायकल गेली, तिचं सोंग पोरांच्या वाट्याला आलं. इतर कारखानदारांनीही मग तोच थाट उचलला.

इग्नाझ १९४८ मध्ये वारला. उंच हँडलची, केळ्याच्या आकाराच्या सीटची १९६३ ची स्टिंग-रे त्याने पाहिली नाही, आणि कंपनीचं १९९२ मधलं दिवाळंही.