कमोडोर लाँगफेलो : बुडण्याच्या बातम्या लिहिणारा माणूस

स्मरणिका समितीचा निरोप आला की प्रत्येकाने शाळेच्या आठवणीच लिहायला हव्यात असे नाही, हस्तलिखितात आपण थोरांची चरित्रे लिहायचो तसे एखादे चरित्रही चालेल. हस्तलिखितात माझ्या वाट्याला कायम मादाम क्युरी यायच्या. सिद्धगडच्या छायेत वाढलेल्यांनी भाई कोतवालांवर लिहावे असे कुणी म्हणेल, पण त्यांच्याबद्दल आपण दर २ जानेवारीला ऐकत आलो आहोत. मी निवडलेला माणूस अमेरिकेत एके काळी खूप प्रसिद्ध होता, आपल्याकडे मात्र त्याचे नाव कुणी घेत नाही. नाव विल्बर्ट लाँगफेलो. जन्म १८८१, मृत्यू १९४७. (इंग्रजीच्या पुस्तकातले कवी लाँगफेलो वेगळे.)

हा मुळात पत्रकार. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स नावाचे बंदराचे शहर आहे, तिथल्या वर्तमानपत्रात तो काम करायचा. समुद्र, खाड्या, नद्या सगळे जवळ, त्यामुळे उन्हाळा आला की बुडून मेलेल्यांच्या बातम्या लिहिण्याचे काम त्याच्याकडे यायचे. त्या वेळी त्या देशात वर्षाला नऊ हजारांपर्यंत माणसे बुडून मरत. लोकांना सुट्टी मिळू लागली होती, रेल्वेने किनाऱ्यावर जाता येऊ लागले होते, पण पोहता येणारे थोडे आणि दुसऱ्याला बाहेर काढता येणारे त्याहून थोडे. अशा बातमीत नाव, वय आणि ठिकाण तेवढे बदलते, बाकी मजकूर तोच राहतो. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या पानावर जूनपासून येणाऱ्या चौकटी आठवा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

लाँगफेलोने बातमी देणे सोडले नाही, पण १९०५ च्या सुमारास तो जीवरक्षक स्वयंसेवकांच्या कामात उतरला. न्यूयॉर्कहून चालणारी एक स्वयंसेवी जीवरक्षक संघटना होती. तिच्यात आरमारासारखे हुद्दे असत, त्यातून त्याला कमोडोर ही पदवी मिळाली आणि ती जन्मभर चिकटली. खऱ्या आरमाराशी त्याचा संबंध नव्हता. १९१० मध्ये तो या संघटनेचा देशभराचा प्रमुख झाला. मोठे पद, पण तिजोरीत खडखडाट!

इथे त्याने जो विचार केला तो मला इंजिनिअर म्हणून फार आवडतो. देशातल्या प्रत्येक किनाऱ्यावर, प्रत्येक तळ्यावर आणि नदीच्या प्रत्येक वळणावर जीवरक्षक उभा करायचा म्हटले तर किती माणसे लागतील? तेवढी मिळणार नाहीत आणि त्यांना पगारही देता येणार नाही. मग उलट करायचे. पाण्याशी जाणाऱ्या प्रत्येकाला पोहायला शिकवायचे आणि ज्याला पोहता येते त्याला दुसऱ्याला वाचवायला शिकवायचे. म्हणजे पहारेकरी वेगळा नेमावाच लागत नाही.

ही योजना घेऊन तो रेडक्रॉसकडे गेला. रेडक्रॉस तेव्हा युद्ध आणि भूकंप-पुराच्या मदतीसाठी ओळखली जाई. पोहणे शिकवणे हे आपले काम कसे, हा प्रश्न तिथे पडणे स्वाभाविक होते. फेब्रुवारी १९१४ मध्ये रेडक्रॉसने अखेर स्वतःचे जीवरक्षक दल सुरू केले आणि त्याची सूत्रे लाँगफेलोकडे दिली. त्या दलाचा पहिल्या क्रमांकाचा बिल्ला त्याच्याच पोहण्याच्या पोशाखावर शिवला गेला.

पुढची तीस-बत्तीस वर्षे तो रेल्वेने देशभर हिंडला. पद्धत ठरलेली. गावात उतरायचे, शाळा, क्लब, स्काउट यांना गोळा करायचे, त्यांच्यातले चांगले पोहणारे निवडायचे, त्यांना सुटका आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकवून परीक्षा घ्यायची, त्यांचे दल बांधायचे आणि पुढची गाडी पकडायची. मागे राहिलेल्यांनी आपल्या गावाला शिकवायचे. १९२२ पासून रेडक्रॉसने शिकवणाऱ्यांना शिकवण्याची निवासी शिबिरे सुरू केली, तेव्हा हा पसारा आणखी वाढला.

अंगाने तो चांगलाच धिप्पाड होता, लोक त्याला प्रेमाने देवमासा म्हणत. त्याला ते आवडत असावे, कारण त्याने पाण्यातली नाटके आणि जत्रेसारखे कार्यक्रम बसवले, त्यांत तो स्वतः उतरायचा. लोक हसायला यायचे आणि जाताना बुडणाऱ्याला मागून कसे धरायचे ते शिकून जायचे. करमणूक भरपूर आणि उपदेश हळूच, हे त्याचे सूत्र. आपल्या म्हशाच्या यात्रेत बैलबाजार, घोंगड्या आणि तमाशा यांच्या गर्दीत कुणी व्यसनमुक्तीचे भाषण ठेवले तर कोण थांबते? पण बहुरूप्याभोवती मात्र घोळका असतो. लाँगफेलोने हे ओळखले होते.

त्याच्या सगळ्याच गोष्टी आज टिकलेल्या नाहीत. त्या काळी बुडालेल्याला पालथे निजवून पाठीवर दाब देत श्वास चालू करायची पद्धत शिकवत. ती पुढे मागे पडली. आज तोंडाने श्वास देतात आणि छातीवर दाब देतात. आपल्याकडे अजून बुडालेल्याला उलटे धरून किंवा खांद्यावर टाकून पोटातले पाणी काढू पाहतात. त्यात मोलाची मिनिटे जातात, कारण माणसाला त्या वेळी हवी असते ती हवा.

मार्च १९४७ मध्ये तो गेला, तेव्हा अमेरिकेत लोकसंख्येच्या प्रमाणात बुडण्याचे मृत्यू त्याने सुरुवात केली त्या काळाच्या जवळपास निम्म्यावर आले होते. हे सगळे श्रेय त्याला एकट्याला देणे मला पटत नाही. या काळात पोहण्याचे तलाव वाढले आणि वायएमसीएसारख्या संस्थाही शिकवत होत्या. पण त्याच काळात पाण्यात उतरणारे लोक कितीतरी पटींनी वाढले होते, हेही विसरून चालणार नाही. भारतात आजही दरवर्षी पस्तीस हजारांवर माणसे बुडून मरतात. पुण्याची राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी हेच काम करते, पण खेड्यापाड्यांत ते पोहोचायला अजून खूप अवकाश आहे.

आता मी हा माणूस का निवडला ते. आठवीच्या मे महिन्याच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली, तेव्हा आपल्या वर्गात मुलांच्या रांगेत एक जागा रिकामी होती. नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. डोहावर गुरे घेऊन गेलेली पाच-सहा मुले होती. त्याला नीट पोहता येत नव्हते. एक जण त्याला काढायला उतरला, त्याला त्याने मिठी मारली आणि तो कसाबसा सुटून काठाला आला. बाकीचे ओरडत गावाकडे पळाले. गुरांची दावी तिथेच काठावर पडलेली होती.

हे मी कुणाला बोल लावायला लिहीत नाही. त्या दिवशी तिथे असलेले आज हे वाचत असतील, आणि त्यांच्यातल्या एकाने मागे मला सांगितले की अजून पाऊस लागला की झोप येत नाही. त्याला मी लाँगफेलोबद्दल सांगितले. लाँगफेलोच्या परंपरेत पहिला धडाच हा आहे : आधी काठी पुढे करा, नाही पोहोचली तर दोर किंवा तरंगणारी वस्तू फेका, होडी असेल तर ती न्या, आणि स्वतः उडी शेवटी, तीही शिकलेले असाल तरच. दोन दावी एकमेकांना बांधली असती तर कदाचित पुरली असती. नऊवारी लुगडेसुद्धा सव्वाआठ मीटर भरते. चौदा वर्षांच्या मुलांना हे आपोआप सुचत नाही, कुणीतरी आधी सांगावे लागते. आपल्याला ते कुणी सांगितले नव्हते. पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून विहिरीत ढकलले की मुलगा पोहायला शिकला, एवढेच शिक्षण होते, आणि तेही फक्त मुलांसाठी. आम्ही मुली कठड्यावर बसून बघायचो. मी स्वतः पोहायला शिकले ती नोकरीला लागल्यावर, पुण्यात, महिना फी भरून.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी तो डोह बघून आले. पाणी कमी आहे, काठावर आता सिमेंटचा घाट बांधला आहे. घाटावर तीन मुले उड्या मारत होती. मी विचारले, दोर आहे का? एकाने म्हशीकडे बोट दाखवले. मग आम्ही तिघा-चौघांनी मिळून तिचे दावे सोडले, त्याच्या टोकाला माझी पाण्याची रिकामी बाटली बांधली आणि पाऊण तास ती आळीपाळीने फेकत बसलो. म्हैस तेवढ्या वेळात बरीच लांब गेली, ती शोधायला मलाही जावे लागले.